दोघांचा माग

४ जानेवारी, शनिवार

मायना लिहीत नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर तुझ्या वकीलबाई ते कोर्टात मोठ्याने वाचून दाखवतील, आणि दुसरं जे लिहावंसं वाटतं ते माझे वकील लिहू देत नाहीत. फोन तू बंद करून टाकलास. जे काय बोलायचं ते लेखी बोला, असं दोघांही वकिलांनी बजावलंय. वर्षभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. तर हे लेखी.

आज पहिला शनिवार पार पडला. दहा ते बारा, हस्तकला केंद्र, मुलगी आणि वडील, असं कोर्टाच्या कागदात आहे, त्याप्रमाणे मी हजर होतो. ही जागा तू सुचवलीस हे मला कळलंय. लहान-मोठी माणसं मिळून काहीतरी करतात, वातावरण मोकळं असतं, असं तू सांगितलंस म्हणे. मोकळं म्हणजे कसं ते ऐक. टायरचं जुनं गोदाम आहे. वर पत्रा, लांबलचक टेबलं आणि बसायला मुलांच्या मापाची स्टुलं. त्यावर बसलो की माझे गुडघे हनुवटीला लागतात. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची नात, पलीकडे एक नर्स आणि तिची जुळी. एवढ्या लोकांच्या देखत बापाने स्वतःच्या मुलीला भेटायचं, तेही भिजवलेल्या रद्दीच्या लगद्यात कोपरापर्यंत हात घालून. अंगाला डिंकाचा वास येतोय तो आंघोळ करूनही जात नाही.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. अंबाड्यात विणायची सुई खोचलेली असते. दारात त्यांनी विचारलं, “आपण कोणाचे?”

मी म्हटलं, “वडील आहे मी.”

“ते दिसतंच आहे. कोणाचे?”

असं एकूण स्वागत.

ठमीला तुझ्या भावाने आणून सोडलं. सोडून गेला असं नाही. गल्लीत गाडी लावून, काच खाली करून, पूर्ण वेळ आमच्या दाराकडे तोंड करून बसला. चष्म्याचं दुकान शनिवारी बंद ठेवतो वाटतं हल्ली.

ठमी समोर बसली. वेणी तू घट्ट घालतेस, कपाळ ओढल्यासारखं दिसतं. मी विचारलं, “कशी आहेस गं?”

ती म्हणाली, “बरी आहे. तुम्ही कसे आहात?”

तुम्ही. हे वाचताना जिथे असशील तिथे जरा थांब. बोलायला लागल्यापासून जी मला ‘ए बाबा, इकडे ये ना’ म्हणत आली, ती नऊ वर्षांची पोर मला तुम्ही म्हणाली. बँकेतल्या माणसाला म्हणावं तसं. हे तू शिकवलंस. मारायचंच होतं तर सरळ मारायचं होतंस.

बाकी आम्ही एक वाडगा केला. तो वाळायला ठेवलाय.

ता. क. स्वयंपाकघराचे पडदे बदललेस. आधीचे बरे होते, आतला उजेड तरी दिसायचा.


१९ जानेवारी, रविवार

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. तुम्ही म्हणायला तू शिकवलं नाहीस, ती आपणहून म्हणाली, असं तुझं म्हणणं. बरं. पडद्यांचं कसं कळलं असंही विचारलंयस. रस्त्याने जाता-येता दिसतं. रस्ता सगळ्यांचा आहे.

काल माती होती. मातीच्या लांब वळकट्या करायच्या, एकावर एक गोल रचायच्या, आतून-बाहेरून लिंपायच्या, की भांडं तयार होतं. ठमीचं भांडं एका बाजूला कलायला लागलं. ती वाकून, जीभ बाहेर काढून लिंपत होती, आणि इकडे भिंत खचत होती. माझा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला. एखादी गोष्ट ओळंब्यात नसली की मला बघवत नाही. ती पाण्याचं भांडं भरायला उठली तेवढ्यात मी ती भिंत सरळ करून टाकली. अशी सरळ केली की ताईंनी काचेच्या कपाटात ठेवावी.

ठमी आली. बघितलं. आणि मूठ वळून त्यावर मारली. सपाट.

“असं का केलंस?”

“ते तुमचं होतं,” ती म्हणाली आणि नवा गोळा घेऊन आली.

ताई लगेच टपकल्या. “मुलांच्या कामाला मोठ्यांनी हात लावायचा नाही, हा इथला एकच नियम आहे.”

“अहो, ते पडत होतं.”

“पडू दे की. मातीच आहे.”

मी आवाज चढवला, असं तुला कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. वर पत्रा असल्यामुळे तिथे साधं बोललेलंही घुमतं. पोस्टमास्तर नातीला घेऊन पलीकडच्या टेबलावर गेले ते उजेडासाठी गेले असतील. ठमीने वेळ संपेपर्यंत एक शब्द उच्चारला नाही. हा अबोला कोणाचा वारसा आहे ते मी लिहायला नको.


२ फेब्रुवारी, रविवार

बदलीची बातमी वकिलांकडून कळवलीस. समोरासमोर सांगायची हिंमत नव्हती असं म्हणणार होतो, पण समोर येऊ नये असं आपणच कोर्टात लिहून दिलंय.

तुझ्या प्रयोगशाळेची दुसऱ्या शहरात शाखा निघतेय, तुला तिथे मोठं पद मिळतंय, आनंद आहे. लोकांचं रक्त तपासण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. आटवण्यातही. तू खुशाल जा. पण मुलीला न्यायचं तर माझी संमती लागते, आणि ती मी देणार नाही. जायलाच अख्खा दिवस मोडणारं ते गाव. म्हणजे शनिवारही गेले. ताईंना मी नावं ठेवतो, डिंकाला ठेवतो, पण आठवड्यात मुलीचा चेहरा दिसायची तेवढी एकच जागा उरलीय, तीही तू गुंडाळून नेणार. माझं उत्तर नाही, असं आहे. पुन्हा विचारू नकोस.

तुझ्या भावाने काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. काल बारा वाजता मी त्याच्या गाडीच्या टपावर हात ठेवला. त्याला तो आपटणं म्हणत असेल तर म्हणो. मी एवढंच विचारलं, की बहिणीच्या संसाराची राखण करायला आता उरलंय काय. तो खाली उतरला. बाचाबाची झाली. टपाला पोचा आला असेल तर तो आधीचा होता.

ठमी मागच्या सीटवर बसली होती. तिने कानांवर हात ठेवले होते, हे मी नंतर पाहिलं.


१६ फेब्रुवारी, रविवार

ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गल्लीत पुन्हा तसं झालं तर तुमची जागा रद्द करायला कोर्टाला कळवीन. मी म्हटलं, कळवा. त्या म्हणाल्या, “कळवीनच. पण मग मुलीचंही येणं बंद होईल, आणि तिला इथे यायला आवडतं. तुमच्यामुळे नाही, कामामुळे.” बाईच्या जिभेवर औषधाला साखर नाही.

तुला एक विचारायचंय. ठमी कात्री डाव्या हाताने धरते हे तुला माहीत होतं? लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने, पण कापायला, फेकायला, बटण लावायला डावा. शाळेतून तिच्या वाकड्यातिकड्या कापलेल्या चित्रांबद्दल तक्रार यायची, आपण तिला धांदरट म्हणायचो. ताईंनी दोन शनिवारांत ओळखलं आणि डावखुऱ्यांची कात्री आणून दिली. आता ती कागद असा कापते की बघत राहावं. आपण एका घरात राहत होतो तेव्हा दोघांनाही हे दिसलं नाही. तुझं लक्ष माझ्या चुकांवर होतं. माझं कुठे होतं ते तू सांगशीलच.

गोदामाच्या मागच्या भिंतीला एक हातमाग आहे. हात पसरून दोन माणसं उभी राहतील एवढा रुंद. सतरंजीसारखं जाड कापड त्यावर निघतं. रुंद असल्यामुळे एकट्याला तो चालवता येत नाही. एका बाकावर दोघांनी शेजारी शेजारी बसायचं. सूत भरलेला धोटा एकाने उभ्या धाग्यांमधून सरकवायचा, दुसऱ्याने आपल्या बाजूला पकडायचा, मग दोघांनी मिळून समोरची फणी ओढून धागा ठोकून बसवायचा, आणि धोटा परत. डावीकडचा काठ डावीकडच्या माणसाचा, उजवीकडचा उजवीकडच्याचा. ताईंनी ठमीला डावीकडे बसवलं आणि मला म्हणाल्या, “तुम्ही तिकडे. आता लावा हात काय लावायचा तो.”

पहिल्यांदा धोटा अर्ध्यात अडकायचा. मी जोरात फेकला की तो तिच्या हातावरून पलीकडे फरशीवर. “हळू,” ती म्हणायची. “हळू हो.” मग जमलं. ठक, धोटा, ठक, धोटा. शेजारी बसलं की एकमेकांकडे बघावं लागत नाही, त्यामुळे असेल, ती बोलायला लागली. वर्गातली, बसमधली काहीबाही. मग म्हणाली,

“तुम्ही आईला पत्रात काय लिहिता?”

“कामाचं.”

“पत्र आलं की आई भांडी घासते. घासलेली पण परत काढून घासते. मग मी अभ्यास करते, नसला तरी.”

यावर तू काही लिहू नकोस.


२ मार्च, रविवार

कालचं थोडक्यात.

ताईंनी तुझ्या भावाला गाडीतून बाहेर काढलं. गाडीपाशी जाऊन म्हणाल्या, इथे नुसतं बघत बसायला कोणालाच परवानगी नाही, आत या नाहीतर घरी जा. तो आत आला. मुली सूत रंगवायला मागच्या अंगणात होत्या आणि माग रिकामा होता. ताईंनी मागाकडे बोट दाखवलं. “तुम्ही दोघं. बसा.”

आम्ही बसलो. तुझा भाऊ अंगाने केवढा आहे तुला ठाऊक आहे, बाक त्याच्याकडे कलला. पहिलाच धोटा त्याने असा सोडला की माझ्या बरगडीत बसला. चुकून, असं तो म्हणाला. पुढचा त्याच्या बोटांवर बसला. तोही चुकूनच. फणी ओढायची तर दोघांनी एकदम ओढावी लागते, नाहीतर तिरकी येते. आमची प्रत्येक वेळी तिरकी आली. तो म्हणे तुमच्यामुळे, मी म्हणे तुझ्यामुळे. धाग्याचा असा गुंता झाला की ताईंनी तोंड फिरवलं.

आणि मागे कोणीतरी खुदकन हसलं. ठमी दारात उभी होती, कोपरापर्यंत निळी. हसता हसता तिला उचकी लागली. नर्सबाईंनी पाणी दिलं तरी थांबेना. “मामा, ए बाबा, तुम्ही दोघं किती वेडे आहात,” असं ती म्हणाली. ‘ए बाबा’ म्हणाली हे तुला कळावं म्हणून लिहितोय. लगेच तिच्याही लक्षात आलं आणि ती अंगणात पळाली.

ती गेल्यावर तुझा भाऊ मान वर न करता म्हणाला, “दाजी, एक सांगू?” वर्षभरात त्याने मला ज्या नावांनी हाक मारली त्यात दाजी नव्हतं. तो म्हणाला, “ती नोकरीसाठी जात नाहीये. बदली तिने मागून घेतलीय. तुम्ही घराखाली उभे राहता ना, तेव्हापासून अंधार पडला की ठमी पुढच्या खोलीत दिवा लावू देत नाही. दोघी मागच्या खोलीत जेवतात.”

मी म्हटलं, “कोणी सांगितलं मी उभा राहतो?”

तो म्हणाला, “तिच्या घरासमोर गाडी लावून मी तुम्हाला बघत होतो. रोज.”

यावर त्याने धोटा सरकवला. मी पकडला. दुसरं काय करणार.

उभा राहत होतो. उभं राहणं हा गुन्हा नाही, आणि मी कधी जिन्याची पायरी चढलो नाही. आता उभा राहत नाही. हे तुझ्यासाठी नाही. पुढच्या खोलीत दिवा लावा.


२३ मार्च, रविवार

काल ठमी आणि मी मागावर बसलो होतो. कापड बरंच पुढे गेलंय. तिचा काठ दोरीने आखल्यासारखा येतो, माझा अधूनमधून आत ओढला जातो, कारण मी धागा ताणतो, असं ती म्हणते.

मध्येच म्हणाली, “मला जायचंय.”

मला वाटलं पाणी प्यायला. म्हटलं, जा की.

“तसं नाही. आईबरोबर. तिकडे.”

मी विचारलं, “आईने सांगितलं असं बोलायला?”

तिने धोटा हातातच धरून ठेवला. समोरच्या धाग्यांकडे बघत होती. आवाज अगदी बारीक, पण एकही शब्द अडखळला नाही. “तुम्ही दर वेळी हेच विचारता. मी काही बोलले की ते आईचंच असतं. आई पण तेच विचारते, बाबाने सांगितलं का म्हणून. मग माझं कुठलं?”

मी धोट्यासाठी हात पुढे केला. तिने तो सोडला नाही.

“तिथे शाळेत कोणाला आपलं काही माहीत नाही. इथे सगळ्यांना माहितीय. मैत्रिणींच्या आया माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मला तिथे जायचंय. मी म्हणतेय. मी.”

मग तिने धोटा सोडला आणि मी तो पकडला, पण फणी कशी ओढली, पायाखालची कुठली पट्टी दाबली, काही भान नव्हतं. पाच-सहा ओळी तशाच गेल्या. ती थांबली. “चुकलं,” म्हणाली. “उसवायला लागेल.” मी म्हटलं, राहू दे, कोणाला दिसतंय. ती म्हणाली, “मला दिसतंय.” आम्ही ते सगळं उसवलं. धागा तोडायचा नसतो, एकेक ओळ उलटी काढत जायची. विणण्यापेक्षा वेळ लागतो. ती तिच्या टोकाकडून काढत होती, मी माझ्या. बारा वाजून गेले. तुझा भाऊ दारात येऊन बघून गेला, बोलला नाही. ताईंनीही उठवलं नाही.

मी संमती देतोय. उद्या वकिलांकडे जाऊन सही करतो.

तू जिंकलीस असं मात्र समजू नकोस. तू मागितलीस तेव्हा दिली नव्हती आणि जन्मभर मागितली असतीस तरी दिली नसती. तुझ्याबद्दल माझं मत होतं तेच आहे. बदलीबद्दल तू मला खोटं सांगितलंस, नोकरी पुढे केलीस. भीती वाटते असं सरळ लिहिलं असतंस तर मी चिडलो असतो, आरडाओरडा केला असता, पण निदान खरं काय ते कळलं असतं. आणि ‘बाबाने सांगितलं का’ हे तूही विचारतेस, ते काल कळलं. म्हणजे त्या पोरीला आपण दोघांनी मिळून मुकं केलं. या एका कामात आपली जोडी बरी जमली.

माझ्या अटी: महिन्यातून एका शनिवारी मी तिकडे येणार. ती मला काय म्हणेल, तू की तुम्ही, त्यात तू पडायचं नाही. वेणी सैल घालायची. आणि तिची कात्री विसरायची नाही. तुझ्या घरातल्या सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या आहेत.


३ मे, शनिवार

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या शनिवारी मी केंद्रात गेलो. जायचं कारण नव्हतं. कोर्टाचा हुकूम संपला होता. कामावर एक लिफ्ट बंद पडली होती आणि मी तिकडे निघालो होतो, तो इकडे पोचलो. गल्लीत तुझ्या भावाची गाडी उभी. तो आत बाकावर बसला होता, डावीकडे.

मी विचारलं, “तू इथे काय करतोयस?”

“दुकान तसंही शनिवारी बंदच ठेवत होतो,” तो म्हणाला. “तुम्ही काय करताय?”

ताई म्हणाल्या, “कापड अर्धं राहिलंय. पुढच्या मुलांना माग हवाय. दोघं आलाच आहात तर संपवा.”

मग आम्ही ते संपवलं. गेले काही शनिवार त्यातच गेले. आमच्यात गोडी झाली असं तुला तुझा भाऊ सांगेल तर तसं काही नाही. तो अजूनही धोटा माझ्या अंगावरच फेकतो. एकदा तर आमचं एवढं वाजलं की जुळ्यांपैकी एकीने येऊन सांगितलं, इथे भांडायचं असेल तर अंगणात जायचं असतं. गेलो. अंगणात भांडून परत येऊन बसलो.

काल ठमीने फोनवर विचारलं, कापडाचं काय झालं. ते कापड या पत्राबरोबर पाठवतोय. अर्ध्यापर्यंत ठमीचं आणि माझं आहे, तिथे वीण एकसारखी दिसेल. पुढे एकदम घट्ट होते, लाकडासारखी. तिथून आम्ही दोघं. फणी रागाने ठोकली की असं होतं, ताई म्हणाल्या. डावा काठ मध्यापासून नागमोडी झालाय तो तुझ्या भावाचा. तो माझ्यावर ढकलेल, ऐकू नकोस.

कापड तिच्या खोलीत अंथरायचंय असं ती म्हणाली. ते फार रुंद आणि जड आहे, इथे घडी घालताना आम्हाला दोघांनाही घाम फुटला. तिला एकटीला झेपणार नाही. एक टोक ती धरेल. दुसरं तू धर. तिने ओढलं की तूही ओढ, तेवढंच, जास्त नाही. जास्त ओढलंस तर तिच्या हातातून सुटेल.